नवी डिस्क ओळख देईना

१

केजच्या एसटी स्टँडवरून तहसील कचेरीकडे निघालं, की डाव्या हाताला विरुपाक्षअप्पा शेटे यांचं सरकी-पेंडीचं दुकान लागायचं. दुकानाला चिकटून एक खोली होती. तिच्यात पूर्वी पोत्यांची थप्पी असायची, आता कॉम्प्युटर होता. थप्पी हलवून कॉम्प्युटर बसवला तो अप्पांच्या मुलानं, संगमेश्वरनं, आणि अप्पांनी त्याला त्याबद्दल अजून माफ केलेलं नव्हतं. खोलीला पेंडीचा वास तसाच राहिला होता. दारावर 'नंदी कॉम्प्युटर्स, लग्नपत्रिका व लेटरहेड' अशी पाटी होती आणि तिच्याखाली, 'चपला बाहेर काढाव्यात.'

ते दिवसच तसे होते. चौकाचौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, पत्र्यांवरून केबलच्या तारा गेल्या होत्या, आणि जग जवळ आलं म्हणतात ते केजच्या स्टँडपर्यंत तरी येऊन थांबलं होतं. संगमेश्वर अंबाजोगाईला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला होता. रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा आणि चहा झाला की तो दुकान उघडायचा. स्वतःच्या चपला बाहेर काढायचा, मॉनिटरवरचं प्लास्टिकचं पांघरूण घडी घालून ठेवायचा, सीपीयूला उदबत्ती ओवाळायचा, स्टॅबिलायझरचा काटा बघायचा आणि मग बटण दाबायचा. यात एखादी गोष्ट मागेपुढे झाली तर दिवस वाईट जातो असा त्याचा अनुभव होता. कोर्समध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात विजयसिंहदादांच्या मुलीचं, वैष्णवीचं लग्न निघालं. दादा म्हणजे इलाक्यातलं मोठं प्रस्थ. पत्रिकेत मान्यवरांचे फोटो पाहिजेत, रंगीत पाहिजेत आणि एकही मान्यवर गळता कामा नये, असा त्यांचा हुकूम होता. मान्यवर इतके निघाले की निम्म्यातच संगमेश्वरची हार्ड डिस्क भरली. हे त्यानं घरी सांगितलं तेव्हा अप्पा म्हणाले की पोतं भरलं तर माणूस ते विकतो, दुसरं पोतं आणायला पळत नाही. शिवाय हा लग्नाचा हंगाम शेवटचा, त्यानंतर मुकाट्यानं पेंडीच्या दुकानात बसायचं, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं.

दादांची पत्रिका नामी निघाली असती तर अप्पांना गप्प बसावं लागलं असतं. म्हणून संगमेश्वर एसटीनं लातूरला गेला आणि जिन्यावरच्या एका दुकानातून नवी कोरी डिस्क घेऊन आला. येताना ती त्यानं मांडीवर धरली होती, तान्हं मूल धरावं तशी.

२

डिस्क बसवायला तसं काही लागत नाही. सीपीयूचं झाकण उघडायचं, डिस्क खोबणीत सरकवायची, चपटी केबल लावायची, पॉवरची वायर खोचायची आणि चालू करायचं. संगमेश्वरनं हे सगळं केलं. चालू होताना बटण दाबून तो त्या निळ्या पडद्यावर गेला, जिथं कॉम्प्युटर आपल्या पोटात काय काय आहे ते सांगतो. जुनी डिस्क नावानिशी दिसत होती. तिच्याखाली नवीचं नाव यायला पाहिजे होतं. तिथं लिहून आलं, 'नन'. म्हणजे कुणी नाही.

त्यानं केबल काढून पुन्हा लावली. केबलची लाल कड कुठल्या बाजूला आहे ते बॅटरी लावून बघितलं. दुसरी केबल लावली. डिस्कच्या पाठीवरचं मुंगीएवढं काळं टोपण, ज्याला जंपर म्हणतात, ते चिमट्यानं काढून शेजारच्या काड्यांवर बसवलं. पडद्यावर प्रत्येक वेळी कुणीच नव्हतं.

शेजारी बद्रीनाथचा एसटीडी बूथ होता. तो फावल्या वेळात रेडिओ दुरुस्त करायचा, त्यामुळे उघडं यंत्र दिसलं की त्याला राहवत नसे. तो चपला काढून आत आला आणि हे टोपण कशाचं म्हणून विचारू लागला. संगमेश्वरनं सांगितलं की एका केबलवर दोन डिस्क असल्या की एक मालक आणि एक गडी ठरवावा लागतो. टोपण काढलं की डिस्क गडी होते.

"अन् तिला हे कुनी सांगितलं?" बद्रीनाथनं विचारलं.

"टोपण काढलं की समजतं."

"आजकाल गडी असं समजत न्हाईत बे," बद्रीनाथ म्हणाला. "तिला मालक करून बघ."

जुनी डिस्क काढून नवीला एकटीला मालक केलं. तरी कुणी नाही. बद्रीनाथनं सीपीयूवर हलकी थाप मारून बघितली. रेडिओला ती लागू पडते, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी जुनी डिस्क परत जागेवर लावली, नवीच्या दोन्ही वायरी उपसून ती टेबलावर ठेवली आणि दोघं चहाला गेले.

चहाहून परत आल्यावर संगमेश्वरनं डिस्क उचलली. ती गरम होती आणि हाताला बारीक थरथर जाणवत होती. पंखा बंद केल्यावरही जरा वेळ फिरत राहतो, तसं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. पण चहा चांगला निवांत झाला होता. बद्रीनाथनं एका कपावर अख्खी ग्रामपंचायत उलगडून सांगितली होती. इतका वेळ कुठलाच पंखा फिरत नाही. मग बाहेर ऊनच असं आहे, लोखंड तापणारच, असं ठरवून त्यानं डिस्क पुन्हा जोडली.

३

दुसऱ्या दिवसापासून तिनं आवाज सुरू केला. टक. टक टक. मग खर्र करून गप्प. पुन्हा टक.

संगमेश्वरची आई, उमाबाई, दुकानात सहसा येत नसत. घर दुकानाच्या मागंच होतं, मधे एक पडदा. चहा झाला की त्या पडद्याआडून बांगड्या वाजवायच्या, तेवढं पुरे व्हायचं. त्या दिवशी मात्र त्या पडदा सारून पुढं आल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूच विचारलं, "धर्मापुरीची आक्का आलीय का?"

धर्मापुरीची आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सावित्रीबाई. ती वारून दोन पावसाळे झाले होते. घरात येण्याआधी ती हातातल्या चांदीच्या अंगठीनं चौकटीवर वाजवायची, आणि दम्यामुळे तिच्या घशात खर्र व्हायचं. संगमेश्वरनं आईला समजावून सांगितलं की हा डिस्कचा आवाज आहे. आतला काटा जागा शोधतो, त्याला सापडत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा आपटतो.

"व्हय, तिला बी आत यायची लवकर हिंमत व्हत नव्हती," उमाबाई म्हणाल्या. त्या आणखी काही बोलल्या असत्या, पण चुलीवरचं दूध उतू जायला लागलं आणि त्या आत पळाल्या.

याचं संगमेश्वरला काही वाटलं नाही. सख्खी बहीण गेलेली, आठवण येणारच. पण संध्याकाळी दूध घालायला दगडाबाई आली. किटली खाली ठेवून ती पदरानं तोंड पुसत होती. डिस्क वाजली आणि ती जागच्या जागी ताठ झाली. तिचा नवरा जाऊन एक पिढी लोटली असेल.

"ओ, आले, आले," ती म्हणाली आणि लगेच ओशाळली. घरधनी असंच खाकरायचे, सवयीनं ओ गेली, असं सांगून तिनं किटली उचलली आणि ती निघून गेली. तिच्या तोंडावर लग्नातल्या नवरीसारखी कळा होती.

संगमेश्वरनं डिस्कला कान लावून बघितलं. टक. टक टक. खर्र.

४

तिसरे आश्रुबा. हे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दुकानात कूलर असल्यामुळे रोज दुपारी पेपर वाचायला यायचे आणि वाचता वाचता डुलकी काढायचे. डिस्क वाजली तशी त्यांनी डोळे न उघडता डावा पाय पुढं दाबला आणि डाव्या हातानं हवेत गिअर टाकला.

"ओ म्हाळू," ते म्हणाले, "सोडली गाडी."

म्हाळू हा त्यांचा वारलेला कंडक्टर. केज-दिंद्रुड रस्त्यावर दोघांनी जन्म काढला होता. आश्रुबांनी डोळे उघडले तेव्हा ते पाण्यानं भरले होते. ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले की ही डबल बेल म्हाळूचीच. घंटीच्या दोऱ्या सगळ्या गाड्यांत सारख्याच असतात, पण म्हाळू दुसरा ठोका जरा उशिरा द्यायचा. तेवढ्यात चढणारी म्हातारी माणसं आत यायची.

आश्रुबांनी ही गोष्ट स्टँडवर सांगितली, म्हणजे इलाकाभर झाली. माणसं यायला लागली. दाराबाहेर चपलांचा ढीग पडू लागला. कुणाला सासू ऐकू आली, कुणाला सैन्यातला भाऊ, एका गृहस्थांना त्यांचा शाळामास्तर ऐकू आला आणि त्यांनी उभं राहून हजेरी दिली. एकानं सीपीयूपुढं नारळ फोडला. पाणी आत जाईल म्हणून संगमेश्वर ओरडला तेव्हा लोकांनीच त्याला शांत केलं. थांबलेले लोक जाता जाता पेंड घेऊन जाऊ लागले आणि कॉम्प्युटरमध्ये काहीतरी अर्थ आहे, हे अप्पा प्रथमच कबूल करू लागले.

संगमेश्वर मात्र चिडला होता. कॉम्प्युटर सोडून डिस्कला सगळे ओळखत होते. ज्यानं ओळखायचं तो म्हणत होता कुणी नाही. आणि खुद्द त्याला टक टक सोडून काहीच ऐकू येत नव्हतं. आपल्या कानात काही दोष आहे की मनात, याचा विचार तो करू लागला.

मग म्हशीची गोष्ट घडली. दगडाबाईच्या गोठ्यात एक म्हैस होती, तिनंच लहानाची मोठी केलेली. तिला दगडाबाईनं दोरी लावून कोंडवाड्यात नेलं आणि कुणाची तरी मोकाट म्हैस माझ्या दावणीला आलीय, ताब्यात घ्या, म्हणून सांगितलं. म्हैस तिचा पदर चघळत होती. कोंडवाड्याचा माणूस म्हणाला, बाई, हे तुमचंच जनावर. दगडाबाईनं म्हशीकडे नीट बघितलं आणि सांगितलं की मी हिला जन्मात बघितलेलं नाही.

लोक हसले. म्हातारपण, म्हणाले. दोन दिवसांनी आश्रुबांनी स्वतःच्याच दाराची कडी वाजवली, बायकोनं दार उघडलं, आणि त्यांनी अदबीनं विचारलं की आश्रुबा ड्रायव्हरचं घर कुठं आलं. पत्ता बरोबर होता, ती बाई कोण एवढंच त्यांना समजेना. त्यांच्या बायकोनं पुढं बायकांत सांगितलं की ते आता फार सभ्य बोलतात, पाणी दिलं तर आभार मानतात, आणि इतक्या वर्षांत तिला हे सुख नव्हतं. सांगता सांगता ती रडली म्हणतात.

मधे विजयसिंहदादाही पत्रिकेचा जाब विचारायला येऊन गेले. जीपमधून उतरले तेव्हा तावात होते. डिस्क वाजल्यावर काहीतरी पुटपुटले आणि गुपचूप निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपले कार्यकर्ते ओळखले नाहीत. पण निवडून आल्यापासून ते कुणाला ओळखत नव्हतेच, त्यामुळे फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

५

संगमेश्वर विचार करणारा माणूस होता. त्यानं स्वतःला सांगितलं की उन्हाळा आहे, माणसं म्हातारी आहेत, आणि म्हशी सगळ्या सारख्याच दिसतात. तरी त्यानं दार लावून घेतलं आणि 'दुरुस्तीमुळे बंद' असा कागद चिकटवला. मग तो बद्रीनाथच्या बूथवर गेला, कारण बद्रीनाथ बरेच दिवस दुकानात फिरकला नव्हता, आणि ही त्याच्या स्वभावात न बसणारी गोष्ट होती.

बद्रीनाथ एका रेडिओत डोकं घालून बसला होता. त्यानं वर बघितलं नाही. संगमेश्वरनं विचारलं की तू डिस्कला कान लावला होतास का.

"लावलता," बद्रीनाथ म्हणाला.

"मग? कोण होतं?"

बद्रीनाथनं स्क्रू पिळायचा थांबवला. "आमची छबू."

छबुबाई ही त्याची बायको. ती त्याच क्षणी बूथच्या मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसलेली दिसत होती. संगमेश्वरनं तिच्याकडं बघितलं, मग बद्रीनाथकडं.

"तवा बी ती तिथंच बसलीती," बद्रीनाथ म्हणाला. "तुझ्या खिडकीतून मला दिसायलती. तोंड बंद. अन् आतून मला हाक. घरात मारती तशी. पोरांपुढं मारत न्हाई ती हाक." त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मेलेली मानसं बोलतेत तर बोलू द्या बे, त्यांना काम काय दुसरं. पन ही तर जिती हाय."

"तू काय केलंस?"

"मी ओ न्हाई दिली. चपला घातल्या अन् आलो." त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलून पुन्हा स्क्रू पिळायला घेतला. "तू बी देऊ नको."

संगमेश्वरनं तिथूनच लातूरला फोन लावला. दुकानदार मोठा समजूतदार होता. जंपर बघितला का, केबल बघितली का, असं विचारून झाल्यावर म्हणाला की काही काही डिस्कांची ओळख पटायला वेळ लागतो, माणसाचंही तसंच आहे. परत आणा, बदलून देतो. ती आधी कुणाच्या मशीनवर होती का, असं संगमेश्वरनं भीत भीत विचारलं. दुकानदार म्हणाला, सील तुम्हीच फोडलं ना माझ्यासमोर? ते खरं होतं.

फोन ठेवून तो परत आला. दाराला कागद तसाच होता. पण खोलीला घरातूनही वाट होती, हे त्याच्या ध्यानातून गेलं होतं. आत कूलर चालू होता. सीपीयूसमोर खुर्ची ओढून उमाबाई बसल्या होत्या, हातात चाळणी, चाळणीत निवडायची ज्वारी. चेहरा प्रसन्न होता. डिस्क गप्प होती.

"आई, तू हिला ओ दिलीस का?" त्यानं विचारलं.

उमाबाईंनी वर बघितलं आणि लगबगीनं उठून पदर सावरला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "दुकानवाले भायेर गेलेत. येतील इतक्यात. पानी आनते."

६

अप्पांना आधी वाटलं की ही थट्टा आहे. मग वाटलं की मायलेकांनी मिळून काही कट केलाय. शेवटी ते उमाबाईंना अंबाजोगाईला डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी नाव, गाव, वार, देशाचा पंतप्रधान विचारला. पंतप्रधान सोडून सगळं बरोबर आलं, आणि त्या दिवसांत पंतप्रधान डॉक्टरांनाही नक्की आठवायचा नाही. मुलगा आहे का, विचारल्यावर उमाबाईंनी सांगितलं की एक आहे, संगमेश्वर नाव, कॉम्प्युटर चालवतो. संगमेश्वर शेजारच्या स्टुलावर बसला होता. हे कोण, असं डॉक्टरांनी विचारल्यावर उमाबाई म्हणाल्या की एक भले गृहस्थ आहेत, सोबत आलेत.

डॉक्टरांनी ऊन लागलंय म्हणून गोळ्या दिल्या.

घरी संगमेश्वर पाहुणा झाला. त्याला बसायला पाट मिळू लागला. भाकरीवर तूप जरा जास्त पडू लागलं. पूर्वी ज्या कपाचा कान तुटलेला होता तो त्याला मिळायचा, आता कपाटातला बशीसकटचा मिळू लागला. जेवण झालं की उमाबाई दारापर्यंत येऊन म्हणायच्या की येत जा. तो दुकानातून पुढच्या दारानं बाहेर पडायचा, गल्लीला वळसा घालायचा आणि मागच्या दारानं झोपायला यायचा. आपल्याच घरात माणूस किती दिवस पाहुणचार खाणार.

डिस्क त्यानं काढली होती. चांदीच्या रंगाच्या पिशवीत घालून, थर्माकोलच्या खोक्यात बंद करून वरच्या फळीवर ठेवली होती. लातूरला न्यायची होती. पण ती नेली आणि त्यांनी फेकून दिली, तर तिच्यात गेलेलं आईचं जे काही असेल ते परत कुठून आणायचं, हे त्याला कळत नव्हतं. असं काही तिच्यात गेलेलं नाही, हे तो स्वतःला रोज पटवून द्यायचा. आणि रोज खोकं तिथंच राहायचं.

एका दुपारी उमाबाई त्याला चहा घेऊन आल्या आणि समोर टेकल्या. कुणाचे तुम्ही, गाव कोणतं, असं त्यांनी विचारलं. केजचाच, तो म्हणाला.

"केजचे? मंग बघितल्यासारखं कावून वाटंना?" त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "मला बी तुमच्या वयाचं पोरगं हाय. हितंच बसतंय दिवसभर. आता कुठं गेलंय काय म्हाईत. त्याचे अप्पा म्हनतेत, पेंडीच्या दुकानात बस."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार. मला वाचाया येत न्हाई. पन दुपारचं सगळे निजले की मी त्या पडद्याआडून बघते त्याला. ते पत्रिका लिवतंय तवा त्याची बोटं अशी पळतेत, पेटी वाजवल्यावानी. आमच्या घरात आजवर कुनाची बोटं तशी पळाली न्हाईत. समद्यांची पोती बांधन्यात गेली." त्यांनी रिकामी बशी उचलली. "त्याला सांगू नका हां. पोरांना सांगितलं की फुगतेत."

"नाही सांगत," संगमेश्वर म्हणाला.

त्या आत गेल्या. तो बराच वेळ कीबोर्डकडं बघत बसला. बोटं जागची हलली नाहीत.

७

लग्न जवळ आलं. विजयसिंहदादांचा निरोप आला की उद्या पत्रिका पाहिजे, नाहीतर नंदी राहील, कॉम्प्युटर राहणार नाही. संगमेश्वरनं जुन्या डिस्कवरचं बरंच काही पुसून मान्यवरांना जागा करायला घेतली. दुपारची वेळ. ऊन आत येऊ नये म्हणून शटर अर्धं ओढलेलं होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप, थप, थप. कॉम्प्युटर चालू करताना त्यानं सवयीनं निळा पडदा उघडून बघितला. जुनी डिस्क. तिच्याखाली कुणी नाही. कसं असेल, केबलचं टोक टेबलावर लोंबत होतं.

फळीवर टक झालं.

त्यानं वर बघितलं नाही. खोकं आहे, थर्माकोल उन्हानं फुगतो, तडकतो. टक टक. आणि मग त्याला प्रथमच ऐकू आलं.

"संगू."

हाक आईची होती. 'गू' जरा लांबवलेला, शेवटी आवाज वर नेलेला. लहानपणी ओढ्यावर खेळत असला की ती अशी हाक मारायची, आणि मोठा झाल्यावरही, पडद्याआडून, बांगड्या वाजवून झाल्यावर. कितीतरी दिवसांत ही हाक त्यानं ऐकली नव्हती. आता त्या घरात त्याला पाव्हनं म्हणत. आणि आत भाकरी थापणं चालूच होतं. थप, थप. दोन थापांच्या मधे, फळीवरून, पुन्हा, "संगू."

बद्रीनाथचं बोलणं त्याला आठवलं. त्यानं ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात लाईट हलकी झाली आणि पडदा क्षणभर काळा पडला. काळ्या काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याच्या पाठीमागची खोली दिसली. खोलीत माणसं उभी होती. खूप, दाटीवाटीनं, स्टँडवर गाडीची वाट बघत उभी राहतात तशी, आणि सगळ्यांचे पाय अनवाणी. एका बाईनं वाजवायला अंगठीचा हात वर केलेला होता. तिच्यामागं, माणसांच्या डोक्यांवरून, एक शिंग दिसत होतं, म्हशीचं असावं. मग स्टॅबिलायझर कटकट वाजला आणि पडदा परत निळा झाला. त्यानं मागं वळून बघितलं नाही. उन्हातून सावलीत बघितलं की डोळ्यांपुढं असलं काहीबाही येतं.

"संगू रे," तिसऱ्यांदा हाक आली. अगदी कानाशी आणि दमलेली, जणू ती कधीपासून हाका मारत होती आणि तिला कुणी दाद देत नव्हतं.

"ओ," संगमेश्वर म्हणाला. "ओ आई."

आतली थाप थांबली.

पडद्यावर 'नन' एकदा लुकलुकलं आणि त्या जागी नवं नाव आलं. पूर्ण नाव, पूर्ण जागा, सगळं जिथल्या तिथं. कॉम्प्युटरनं डिस्क ओळखली. संगमेश्वरला इतका आनंद झाला की लोंबणाऱ्या केबलकडं त्याचं लक्ष गेलं आणि हे नंतर बघू असं ठरवून त्यानं नजर परत पडद्याकडं वळवली. त्यानं वैष्णवीची पत्रिका उघडली. एकेक मान्यवर येऊन आपापल्या जागी बसू लागला. कुठं अडेना, कुठं थांबेना. बोटं नुसती पळत होती.

पडदा सरकला आणि घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. चांगल्या घरची दिसत होती. धावत आल्यामुळे तिला दम लागला होता.

"संगू, भाकर खाऊन घे की रे बाबा, गार व्हायली," ती म्हणाली.

तो अदबीनं उभा राहिला आणि पुढची खुर्ची त्यानं कपड्यानं पुसली.

"या मावशी, बसा," तो म्हणाला. "कुणाच्या घरची पत्रिका?"

बाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुझे अप्पा म्हनतेत, मी बी तुला असंच पाव्हना म्हनत होते," ती म्हणाली. "फेडायलास व्हय रे माझं?"

ती काय म्हणाली ते संगमेश्वरला नीट समजलं नाही. पण तोही हसला. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसावं, धंद्यात असं वागावं लागतं.